माझ्या पोटातली पांढरी जर्सी

मी एक जुने वॉशिंग मशीन आहे आणि माझ्यावर एक जर्सी गिळल्याचा आरोप आहे. मित्रांनो, आरोप खरा आहे. आजवर मी कितीतरी मोजे गिळले, केसांच्या पिना गिळल्या, एकदा तर पंचांची शिट्टी गिळली. ते कुणी फारसे मनावर घेतले नाही, मीही नाही. पण त्या एका जर्सीपायी एका मुलीवर कॉलेज सोडायची पाळी आली. हे सगळे माझ्याइतके जवळून कुणी पाहिलेले नाही, म्हणून मीच सांगते.

माझा जन्म एका मोठ्या कारखान्यात झाला. जन्म म्हणजे काय, पत्रा वाकवला, ड्रम बसवला, मोटर जोडली आणि पाठीवर एक नंबर चिकटवला. माझ्याबरोबर तयार झालेली बाकीची मशिने हॉटेलांत आणि हॉस्पिटलांत गेली. मला मात्र एका कॉलेजच्या व्यायामशाळेच्या तळघरात आणले. चार हमालांनी जिना उतरताना मला दोनदा आपटले. माझ्या डाव्या कोपऱ्यावर जो पोचा आहे, तो त्या दिवसाचा. तेव्हापासून मी इथेच उभे आहे.

तळघरातली ही खोली फार मोठी नाही. छताजवळ एक आडवी खिडकी आहे, तिच्यातून रस्त्यावरच्या लोकांचे फक्त पाय दिसतात. माझ्या शेजारी कपडे सुकवायचे मशीन आहे. ते माझ्याहून वयाने लहान आहे आणि भलतेच बडबडे आहे. समोरच्या भिंतीवर खुंट्यांची रांग आहे. आणि माझ्या बरोब्बर डोक्यावर बास्केटबॉलचे मैदान आहे. चेंडू आपटल्याचा आवाज सकाळ-संध्याकाळ माझ्या पत्र्यात घुमतो. आज कोण दमले आहे आणि कोण अंग चोरते आहे, हे मला त्या आवाजावरून कळते. उरलेले कपडे सांगतात.

या खोलीची मालकीण म्हणजे मावशी. ती कुणाचीच सख्खी मावशी नाही, पण प्राचार्यांपासून झाडूवाल्यापर्यंत सगळे तिला मावशीच म्हणतात. मी आले त्याच वर्षी ती कामाला लागली. रोज सकाळी ती माझ्या दारावर एक चापटी मारते आणि म्हणते, “चल गं बये, हो सुरू.” मी कधी हट्ट केला तर दोन चापट्या मारते. आमचे तसे बरे चालले आहे.

मुलींच्या संघाचे कपडे धुण्याची मावशीची एक पद्धत आहे. प्रत्येक खेळाडूला जाळीची एक पिशवी. पिशवीला नंबराचा बिल्ला. सराव संपला की मुलीने आपले घामाचे कपडे पिशवीत भरायचे, तोंडाला मोठी सेफ्टी पिन लावायची आणि पिशवी माझ्यासमोरच्या टोपलीत टाकायची. मावशी पिशव्या न उघडता तशाच माझ्या पोटात घालते, तशाच सुकवते आणि आपापल्या खुंटीला अडकवते. त्यामुळे कुणाचा मोजा कुणाकडे जात नाही. फक्त पिन घट्ट पाहिजे.

माझे सुरुवातीचे दिवस मानाचे होते. मी नवे होते, पांढरेशुभ्र होते, आणि मी चालू असताना मावशी वर एक ग्लास पाणी ठेवून सगळ्यांना दाखवायची, “बघा, थेंब सांडत नाही.” एका वर्षी संघाने मोठा चषक जिंकला, तेव्हा मुली तो घेऊन थेट तळघरात आल्या आणि माझ्यावर ठेवून त्यांनी फोटो काढला. तो फोटो वर प्राचार्यांच्या खोलीबाहेर लावला आहे म्हणे. मी काही वर जाऊन पाहिलेला नाही.

मग वर्षे गेली. रंग पिवळा पडला, ग्लास ठेवायची सोय राहिली नाही. पण खरे दुखणे दुसरेच होते. माझ्या गोल काचेच्या दाराभोवती एक जाड रबर आहे. दार आणि ड्रम यांच्यामधली फट ते झाकते. ते खालच्या बाजूला फाटले. बोटभर फाटले, मग वीतभर. मावशीने स्टोअरवाल्या काकांना लिहून दिले. काका म्हणाले, “चालतंय ना अजून?”

“चालतंय हो, पण...”

“मग चालू द्या की. बंद पडलं की बघू.”

मावशीने आणखी दोनदा लिहून दिले आणि मग रबराला चिकटपट्टी लावली. गरम पाण्यात चिकटपट्टी किती दिवस टिकणार? मावशीला ते माहीत होते, मलाही माहीत होते.

त्याच वर्षी परीक्षा संपता संपता संघ मोडला. जुने सर दुसऱ्या मोठ्या कॉलेजात गेले आणि जाताना पाच चांगल्या मुली घेऊन गेले. तिघींचे शिक्षण संपले होते. आणखी तिघींनी वारा ओळखून दुसरीकडे जागा शोधल्या. कुणी कुणाला धड सांगून गेले नाही. एकेका सकाळी खुंटीवरची पिशवी तशीच लटकत राही, आणि मावशी म्हणे, “हीपण गेली वाटतं.” तेरा पिशव्यांपैकी दोनच भरून येऊ लागल्या, चार नंबर आणि नऊ नंबर.

चार नंबरची मुलगी उंच होती, इतकी की आमच्या खोलीत शिरताना वाकायची. तिला सगळे शिडी म्हणत. नऊ नंबरची मुलगी संघात सगळ्यात बुटकी. तिचे नाव मुंगी. ती एका जागी कधी थांबायची नाही, म्हणूनही मुंगीच. तिच्या पिशवीत मोजे जोडीने गाठ मारलेले असत आणि पँटचे डावे ढोपर नेहमी घासलेले असे, कारण सुटलेल्या चेंडूवर ती डाव्या अंगाने झेप घ्यायची. जुन्या सरांनी तिला सामन्यात फारसे उतरवलेच नाही. सामन्याच्या दिवशी तिची जर्सी माझ्याकडे यायची ती घामाचा वास नसलेली, नुसत्या घड्या पडलेली. मी तीही धुवायचे.

तरी ती गेली नाही. शिडीने तिला एकदा माझ्यासमोरच विचारले होते, “तू का नाही बघितलंस दुसरीकडे?”

“मला कोण घेणार? आणि शेवटचं वर्ष आहे माझं. इथली खोली आहे, फी माफ आहे. संघात जागा राहिली की पदवी हातात.”

“आणि नाही राहिली तर?”

“तर दादाच्या दुकानात पंक्चर काढीन,” मुंगी हसून म्हणाली. पण हसताना तिने पिन तीनदा उघडून तीनदा लावली.

सुट्टीत नव्या मॅडम आल्या. मुख्य प्रशिक्षक म्हणून ही त्यांची पहिलीच नोकरी. पहिल्याच दिवशी त्या तळघरात उतरल्या. इतक्या वर्षांत माझ्या खोलीत आलेल्या त्या पहिल्याच प्रशिक्षक. चालताना उजवा गुडघा जरा जपायच्या. त्यांनी खुंट्या पाहिल्या आणि विचारले, “तेरातल्या दोनच?”

“दोनच. बाकीच्या धुऊन ठेवल्यात,” मावशी म्हणाली. “पिशव्या आहेत, मुली नाहीत.”

“चला, पिशव्या तरी ठेवल्या म्हणायच्या.”

मावशीला त्या तिथेच आवडल्या. मलाही.

पुढचे दोन महिने मॅडमनी मुली गोळा केल्या. दुसऱ्या कॉलेजात बाकावर बसून कंटाळलेल्या चार आल्या. नुकत्याच कॉलेजात आलेल्या कितीतरी आल्या. एक चक्क पोहणाऱ्यांच्या संघातून आली, तिच्या कपड्यांना अजून तलावाच्या औषधाचा वास यायचा. एक डावखुरी पोरगी होती, तिला डावरी म्हणत. तिच्या आधीच्या कॉलेजाने संघच बंद केला होता. कपडे उलटे करून टाकायची, धाकटी आणि घाबरट, पण घामाच्या बाबतीत मुंगीची बरोबरी करायची. जुन्या दोघी धरून एकोणीस जणी झाल्या. मावशीने फुटबॉलवाल्यांकडून सहा पिशव्या उसन्या आणल्या. माझे पोट तडस लागेपर्यंत भरायचे.

या एकोणीस जणींमधून बारा निवडायच्या होत्या. बारा जणींची यादी वरच्या कार्यालयात द्यायची, त्याच सामने खेळणार. मॅडमनी तीन आठवडे सराव घेतला. माझ्या छतावर तीन आठवडे नुसते धरणीकंप झाले. कोण कुठे पडते, कोण उठायला किती वेळ घेते, हे सगळे मॅडम वहीत लिहीत. तिसऱ्या आठवड्याच्या शुक्रवारी त्या खाली आल्या. हातात बारा कोऱ्या पांढऱ्या जर्सी होत्या.

“मावशी, एक काम आहे. या बारा जणींच्या पिशवीत एकेक जर्सी घाला. ही यादी.”

“आणि बाकीच्या?”

“त्या सात जणींच्या पिशवीत मी स्वतः चिठ्ठी ठेवीन. ‘मला येऊन भेट’ एवढंच. मग भेटल्यावर सांगेन.”

“वर दारावर यादी लावा की. जुने सर लावायचे.”

मॅडमनी हातातल्या जर्सी माझ्यावर ठेवल्या. मग म्हणाल्या, “माझं नाव नव्हतं एकदा अशा यादीत. सोळा जणी होतो आम्ही दारासमोर. मी यादी वाचत होते आणि सगळ्या माझं तोंड वाचत होत्या. तेव्हाच ठरवलं, आपण असं नाही करायचं. उद्या सकाळी जिची तिने एकटीने पिशवी उघडावी. आत जर्सी असेल नाहीतर चिठ्ठी, एवढं मुलींना सांगून ठेवलंय.”

विचार चांगला होता, मित्रांनो. यात मॅडमचे काही वाईट नव्हते. मावशीनेही आपल्या परीने चांगलेच केले. नव्या कापडाला खळीचा वास असतो, मुलींच्या अंगाला खाजेल, म्हणून तिने ठरवले की जर्सी पिशवीत घालून एकदा धुऊनच द्यायची. तिने यादी चुंबकाने माझ्या कपाळावर चिकटवली. प्रत्येक जर्सीच्या गळ्याच्या आत पक्क्या शाईने नंबर लिहिला आणि ती त्या त्या पिशवीत भरली. यादीत सगळ्यात वर नऊ नंबर होता. मॅडमनी पहिले नाव मुंगीचे लिहिले होते. ते वाचून मावशीने मला जोराची चापटी मारली. रागाची नव्हे, आनंदाची.

मग मी सुरू झाले. शेवटचा पिळा चालू असताना नऊ नंबरच्या पिशवीची पिन उघडली. ती पिन जुनी होती, वापरून सैल झाली होती. पिशवीचे तोंड पसरले, पांढरी जर्सी बाहेर आली, दोन वेळा काचेवर आपटली आणि खाली फाटक्या रबरात शिरली. चिकटपट्टी केव्हाच सुटली होती. मला थांबता आले नाही. ड्रम गरगरत होता आणि प्रत्येक फेऱ्याला जर्सी आणखी आत ओढली जात होती. शेवटी ती ड्रमच्या मागे, अंधारात, पार तळाला जाऊन बसली.

मावशीने दार उघडले. नऊ नंबरची पिन उघडी दिसली. “सुटली वाटतं,” असे पुटपुटत तिने ती पुन्हा लावली. आत मोजे, पँट, शर्ट सगळे दिसत होते, पिशवी भरलेली होती. एकोणीस पिशव्यांच्या गडबडीत तिला शंका येण्यासारखे काही नव्हते. मॅडम संध्याकाळी येऊन सात चिठ्ठ्या ठेवून गेल्या आणि जाताना माझ्या कपाळावरची यादी काढून घेऊन गेल्या.

शनिवारी सकाळी सगळ्यांत आधी मुंगी आली. बाकीच्या मुली पिशव्या उचलून वर कपडे बदलायच्या खोलीत नेत. मुंगीची सवय अशी की इथेच, माझ्यासमोरच्या स्टुलावर बसून पिशवी उघडायची. तिने पिन काढली. मोजे काढून मांडीवर ठेवले. पँट काढली, शर्ट काढला. मग पिशवीत हात घातला आणि कोपरे चाचपले. पिशवी उलटी केली. शर्टाच्या बाह्या झटकल्या. पुन्हा सगळे पाहिले.

“चिठ्ठीसुद्धा नाही,” ती म्हणाली.

एवढेच बोलली. मग तिने रिकामी पिशवी घडी घालून नऊ नंबरच्या खुंटीला अडकवली, पिन तिला नीट लावली आणि उठताना आधाराला माझ्या दारावर हात ठेवला. तिचा हात आणि ती जर्सी यांच्यात जेमतेम हातभर अंतर होते. मला त्या वेळी जे वाटले ते यापूर्वी कधी वाटले नव्हते. मला लाज वाटली. मी नुसते उभे राहिले आणि ती जिना चढून गेली.

दुपारी मॅडम आणि शिडी खाली आल्या. शिडीचे डोळे सुजले होते.

“मुंगीनं खोली रिकामी केली,” शिडी म्हणाली. “मला पण नाही सांगितलं. फोन बंद.”

“सकाळी तिचा फोन लागत होता,” मॅडम म्हणाल्या. “मी केला, तिने उचलला नाही. मावशी, जर्सी आहे का तिची?”

मावशीने खुंटीवरची पिशवी पाहिली. “नाही. पण मी घातली होती, मॅडम. माझ्या हाताने.”

“म्हणजे घेऊन गेली.”

“ती तसली नाही हो.”

“मावशी, या वर्षात अकरा जणी न सांगता गेल्या. तुम्हीच मला सांगितलंत. त्यातली कुठली तसली होती?” मॅडमचा आवाज चढला नव्हता, फक्त थकला होता. “दुसरीकडे जमलं असेल तिचं. निदान तोंडावर सांगायचं.”

सोमवारी यादी कार्यालयात द्यायची होती. मॅडमनी डावरीला बोलावून बारावी जागा दिली. डावरीच्या पिशवीत शनिवारी चिठ्ठी होती, ती बिचारी दोन दिवस रडून सुकली होती. नवी जर्सी मिळाली, तीही उलटी करूनच पिशवीत टाकायला लागली. तिचा काय दोष? मी तिची जर्सी मन लावून धुतली.

इकडे माझी तब्येत बिघडत चालली. पाणी लवकर उतरेना. पिळताना घरघर होई. मावशी म्हणे, “काय खाल्लंस गं बये?” आणि मला सांगता येत नसे. मी जमेल तेवढा आवाज केला. स्टोअरवाल्या काकांनी एकदा येऊन कान लावला, “वय झालं, दुसरं काय,” असे म्हणून ते निघून गेले. बाराव्या दिवशी मला अगदी असह्य झाले आणि मी सगळे पाणी खोलीभर सोडून दिले. ते जिन्याच्या पायरीपर्यंत पोचले. तेव्हा कुठे मिस्त्री आला.

मिस्त्रीने माझी पाठ उघडली, पंप सोडवला आणि आत हात घालून एकेक वस्तू बाहेर काढली. चार मोजे. मूठभर पिना. पंचांची शिट्टी. मग काहीतरी अडकले, त्याने जोर लावून ओढले आणि एक राखाडी, चुरगळलेले फडके बाहेर आले.

“हे काय, पोछा?” तो म्हणाला.

मावशीने ते हातात घेतले. पिळून उलगडले. गळ्याची आतली बाजू पाहिली. नऊ. पक्की शाई होती, गेली नव्हती.

मावशी ओल्या स्टुलावरच बसली. मिस्त्री आपल्याच नादात होता. “हे रबर किती दिवस फाटलंय, मावशी?”

“दहा महिने झाले. तीनदा लिहून दिलंय.”

“दहा मिनिटांचं काम आहे हे,” मिस्त्री म्हणाला, आणि खरोखरच तेवढ्या वेळात त्याने नवे रबर बसवले.

मावशीकडे एक जुनी वही आहे, तिच्यात मुलींच्या घरचे नंबर असतात. कुणाला लागले-खुपले तर असावेत म्हणून. तिने दादाच्या दुकानाचा नंबर शोधला. मला फक्त इकडचे बोलणे ऐकू आले.

“मुंगी आहे का? द्या तिला. नाही, हात काळे असले तरी द्या... अगं, मी मावशी. ऐक आधी. जर्सी होती तुझ्या पिशवीत. होती! मी घातली होती. मशीनने गिळली... आत्ता काढली, हातात आहे माझ्या... कशाला खोटं बोलू मी? पहिलं नाव होतं तुझं. सगळ्यांत पहिलं.” मग मावशीने फोन कानावर घट्ट दाबून धरला. तिकडून आवाज येत असावा, किंवा येत नसावा. शेवटी ती म्हणाली, “रडू नको. उद्या ये.”

दुसऱ्या दिवशी मुंगी आली. मॅडम आधीच खाली येऊन थांबल्या होत्या. ती राखाडी जर्सी माझ्यावर पसरून ठेवली होती. मुंगीने ती पाहिली, पण हात लावला नाही.

“मी तुला काढलं असतं तर चिठ्ठी ठेवली असती,” मॅडम म्हणाल्या. “तुला विचारावंसं नाही वाटलं?”

“काय विचारायचं? चिठ्ठीच्यापण लायकीची नाही का, असं?” मुंगीच्या नखांत अजून काळे होते. “तुम्हाला नाही वाटलं यावंसं? दादाचं दुकान एका बसच्या अंतरावर आहे.”

“मी फोन केला होता.”

“एकदा.”

मॅडमनी मान खाली घातली. “हो. एकदाच. मला वाटलं, तूही बाकीच्यांसारखी गेलीस.”

“मी दोन वर्षं बाकावर बसूनसुद्धा गेले नव्हते, मॅडम.”

मग मॅडम म्हणाल्या, “यादीत अजून एक बदल करता येतो. दोन दिवस आहेत. एक नाव काढून एक घालायचं. मी आज डावरीशी बोलते.”

मला वाटले, सुटलो आपण. मावशीनेही श्वास सोडला. पण मुंगीने खुंट्यांकडे पाहिले. डावरीची पिशवी तिथे लटकत होती, आत पांढरे काहीतरी उलटे करून कोंबलेले.

“तिला किती दिवस झाले जर्सी मिळून?”

“दहा-अकरा.”

“मग नको,” मुंगी म्हणाली. “पिशवी उघडल्यावर आत काही नसलं की कसं वाटतं ते मला माहीत आहे. तिने काही केलेलं नाही. मिळालेलं काढून घेऊ नका.”

“हे तुझं शेवटचं वर्ष आहे. पुढच्या वर्षी देते म्हणायचीसुद्धा सोय नाही मला. कळतंय का तुला?”

“कळतंय ना. म्हणून तर पटकन बोलते आहे. जरा वेळ गेला तर हो म्हणेन.”

मॅडमनी चष्मा काढून पुसला. मावशी तर सरळ पदराने डोळे पुसत होती. त्यानंतर मॅडम दोन दिवस प्राचार्यांच्या दारात बसून राहिल्या असे शिडी सांगत होती. अखेर तोड निघाली. मुंगी तेरावी, फक्त सरावापुरती. खोली मिळेल, फी माफ राहील, पदवी पुरी होईल. सामना मात्र एकही खेळता येणार नाही.

तेव्हापासून मॅडमनी पिशवीतून निरोप देणे बंद केले. आता काही सांगायचे असले की त्या मुलीला समोर बसवतात आणि सांगतात. त्यांना ते जड जाते. एकदा तर त्या आधी इथे येऊन, माझ्याकडे तोंड करून, काय बोलायचे ते दोनदा म्हणून गेल्या.

संघ काही अजिंक्य ठरला नाही. निम्म्याहून थोडे जास्त सामने जिंकला, आणि नव्या संघाला तेवढे पुष्कळ आहे असे सगळे म्हणाले. सरावात मुंगी रोज समोरच्या संघातली सगळ्यात चपळ खेळाडू बनायची आणि बारा जणींना दमवून सोडायची. तिचे डावे ढोपर अजून घासलेले येते. डावरी आता कपडे सुलटे करून टाकते, मोज्यांना गाठ मारते. ते तिला कुणी शिकवले, हे मला दिसते.

सामना असला की संध्याकाळी माझ्याकडे सामन्याच्या जर्सी येतात. मुंगी स्वतः त्या खाली आणते आणि मावशीबरोबर पिशव्यांना पिना लावते. मी नव्या रबराने दार घट्ट मिटते आणि धुवायला लागते. सगळ्या बारा जर्सी घामाने जड झालेल्या असतात. तिची त्यांत एकदाही आली नाही आणि आता येणारही नाही, कारण तिची शेवटची परीक्षा पुढच्या आठवड्यात आहे.

मित्रांनो, मी वस्तू आहे. माझे जे फाटते ते मला शिवता येत नाही आणि कुणाला दाखवताही येत नाही. म्हणून तुमच्या आसपास असे काही फाटलेले दिसले तर ते बंद पडायची वाट पाहू नका. त्याच दिवशी नीट करा, आणि कुणी ऐकले नाही तर चौथ्यांदा लिहून द्या. आणि एखाद्या सकाळी तुमची पिशवी रिकामी निघाली, तर तशीच खुंटीला अडकवून निघून जाऊ नका. वर जा, दार वाजवा, विचारा. मला त्या दिवशी बोलता आले नाही. तुम्हाला बोलता येते.